केटे कोलवित्झच्या ‘आया’: भिंतीवर लावावी अशी प्रत

वुडकटची, म्हणजे लाकूड कोरून छापलेल्या चित्राची, प्रत घेताना आधी तिचा काळा रंग बघावा. जर्मन चित्रकार केटे कोलवित्झच्या ‘आया’ (आईचं अनेकवचन) या चित्राचा सगळा जीवच काळ्यात आहे, तो फिका पडला की हातात काही उरत नाही. भाचीने बर्लिनहून आणलेली माझी प्रत मूळ आकाराची आहे, साधारण ३४ बाय ४० सेंटिमीटर, चकाकी नसलेल्या जाड कागदावर. काळा जवळजवळ हवा तसा उतरलाय. उजव्या खालच्या कोपऱ्यात तो किंचित राखाडी दिसतो आणि कागदाची कड फार अरुंद ठेवलीय, फ्रेमवाल्याला माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) बसवताना त्रास झाला. तेवढ्या दोन तक्रारी सोडल्या तर मी या प्रतीवर खूश आहे.

चित्रात बायकांचा एक घोळका आहे, एकमेकींना घट्ट धरून उभा. मध्ये एकीने दोन पोरांना मिठीत घेतलंय, त्यांची तोंडं तिच्या हातांखालून डोकावतात. एकीने चेहरा झाकून घेतलाय. हात मोठे, राबलेले. उजेड आहे तो फक्त चेहऱ्यांवर आणि हातांवर. मी शाळेत मुलांना लिनोलियम कोरून ठसे काढायला शिकवत आले, त्यामुळे माझी नजर आधी पटाशीच्या खुणांकडे जाते. वुडकटमध्ये कोरून काढलं ते पांढरं, राहिलं ते काळं. इथे कोलवित्झने फार थोडं कोरलंय. दोन बायकांच्या मधली जागा तर तिने कोरलीच नाही, म्हणून एकीचं अंग कुठे संपतं आणि दुसरीचं कुठे सुरू होतं ते सांगता येत नाही. त्यांचा एकोपा त्या न कोरलेल्या लाकडात आहे. मला हे चित्र थोर वाटतं ते यासाठी.

आधी १९१९ मध्ये तिने हाच विषय लिथोग्राफमध्ये, म्हणजे दगडावर चित्र काढून छापायच्या पद्धतीत, केला होता. मग १९२० मध्ये जर्मन शिल्पकार एर्न्स्ट बारलाखचे वुडकट पाहिले आणि पन्नाशी उलटलेली ही बाई लाकडाकडे वळली. पहिल्या महायुद्धावरच्या ‘युद्ध’ या तिच्या सात वुडकटच्या मालिकेत ‘आया’ सहावं. संपूर्ण मालिकेत लढाईचा एकही प्रसंग नाही. त्याच सुमारास, १९२४ मध्ये, जर्मन चित्रकार ओट्टो डिक्सने पन्नास एचिंगमध्ये (धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरून छापलेल्या चित्रांत) खंदक आणि सडलेली प्रेतं दाखवली. तीही जबरदस्तच आहेत, पण घरात रोज बघायला मी कोलवित्झच निवडेन. तिचं युद्ध मागे राहिलेल्यांच्या अंगावर दिसतं.

त्यामागे तिचं स्वतःचं दुःख आहे. धाकटा मुलगा पेटर अठरा वर्षांचा, सैन्यात जायला निघालेला. वडील नको म्हणत होते, त्यांचं मन वळवलं ते केटेने. ऑक्टोबर १९१४ मध्ये बेल्जियममध्ये तो मारला गेला. लिथोग्राफ करताना तिने रोजनिशीत लिहिलंय की दोन मुलांना कवेत घेणारी ती आई मीच, आणि मुलं माझी, थोरला हान्स आणि पेटर. मुलगा जाऊन चार वर्षं उलटली होती आणि कागदावर ती त्याला पुन्हा लहान करून जवळ घेत होती. हे कळल्यापासून त्या दोन पोरांच्या डोळ्यांकडे मी नुसतं चित्र म्हणून बघू शकलेले नाही.

पण ती रडत बसली नाही. ऑक्टोबर १९१८ मध्ये कवी रिशार्ड डेमेलने युद्धासाठी आणखी स्वयंसेवक मागितले, तेव्हा ‘फोरवेर्ट्स’ या वर्तमानपत्रात तिने जाहीर उत्तर दिलं: पुरे झालं मरण, बियाणं दळायचं नसतं. बियाणं म्हणजे तरुण पोरं. १९३३ मध्ये नाझींनी तिला प्रशियाच्या कला अकादमीतून राजीनामा द्यायला लावला. ज्यांना हे चित्र फक्त ‘मातृत्वाचं’ वाटतं त्यांनी एवढं जरूर ध्यानात घ्यावं.

मूळ ठसा मी बर्लिनच्या कोलवित्झ संग्रहालयात पाहिलाय, ते फासानेनश्ट्रासवर होतं तेव्हा. २०२२ पासून ते शार्लोटेनबुर्ग राजवाड्याच्या आवारात आहे. मूळ ठशात शाई कागदावर बसलेली जाणवते, लाकडाचा दाब दिसतो. छापील प्रतीत ते येत नाही, येणारही नाही. तरी प्रत घ्यायला मला संकोच वाटत नाही, कारण आपलं काम खूप लोकांपर्यंत जावं अशीच तिची इच्छा होती आणि म्हणून तर तिने रंगचित्रांऐवजी ठसे धरले.

कोलवित्झ १९४५ मध्ये वारली, त्यामुळे तिच्या चित्रांवरचा स्वामित्वहक्क आता संपलाय. बर्लिनहून कुणी येणारं नसेल तर चांगल्या प्रतीची फाईल मिळवून इथेच सुती कागदावर छापून घ्या. ग्लॉसी कागद अजिबात नको, त्याच्या चकाकीत चेहरे हरवतात. पोस्टकार्डाएवढं छोटं करून तर मुळीच घेऊ नका, हातांचं वजन निघून जातं. माउंट पांढरा, चारही बाजूंनी किमान तीन इंच.