रामाश्रय, कॅफे मद्रास की रामा नायक: माटुंग्यात नेमकं कुठं बसायचं?

मुंबईत माटुंगा पूर्वेला पहिल्यांदा खायला जाणाऱ्याच्या कानावर दाक्षिणात्य हॉटेलांची ही तीन नावं आधीच पडलेली असतात. प्रत्येकाचे भक्त वेगळे, आणि तिघांतलं सरस कोण हा वाद कधी मिटायचा नाही. खरं तर तिथली निवड घड्याळावरून करावी. सकाळी सातच्या आत पोचत असाल तर रामाश्रय. साडेसात ते साडेआठच्या मधे पोचून निवांत डोसा खायचा असेल तर कॅफे मद्रास. कडकडून भूक लागलीय आणि पोटभर जेवायचंय, तर दुपारी रामा नायक. आणि वार सोमवार असेल तर प्रश्नच मिटला, कारण मद्रास आणि रामा नायक दोन्ही बंद असतात, उघडं फक्त रामाश्रय. सोमवारी सुट्टी काढून उलट्या पावली फिरणारे लोक दर आठवड्याला दिसतात.

तिन्ही जुनी. रामाश्रय १९३९चं, कॅफे मद्रास १९४०चं, रामा नायक यांचं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२चं. दक्षिणेतून नोकरीसाठी मुंबईत आलेली माणसं तेव्हा माटुंग्यात स्थिरावत होती आणि त्यांना घरच्यासारखं जेवण हवं होतं. म्हणून ही हॉटेलं इथं एकमेकांपासून चालत जायच्या अंतरावर आहेत.

पोचायचं कसं

मध्य रेल्वेवर माटुंग्याला फक्त स्लो गाड्या थांबतात. फास्ट पकडलीत तर दादरला उतरून एक स्टेशन मागे-पुढे करावं लागेल. रविवारी निघायच्या आधी मेगाब्लॉक कुठं आहे ते बघा. ‘माटुंगा ते मुलुंड’ हे शब्द त्या बातमीत इतक्या वेळा येतात की ते वाचल्याशिवाय घर सोडू नये. पश्चिम रेल्वेवाल्यांनी माटुंगा रोडला उतरावं आणि झेड ब्रिजवरून पूर्वेला यावं. हार्बरवाल्यांना किंग्ज सर्कल स्टेशन सोयीचं, तिथून कॅफे मद्रास जवळ.

रामा नायक माटुंगा स्टेशनच्या अगदी बाहेर, भाजी मंडईच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर आहे. रामाश्रय भांडारकर रोडला, दोन-तीन मिनिटांवर. मद्रास किंग्ज सर्कलच्या बाजूला भाऊ दाजी रोडवर, म्हणजे स्टेशनपासून आरामात दहा मिनिटं चालावं लागतं. गुडघे दुखणारं कुणी बरोबर असेल तर रामा नायकचा जिना आणि मद्रासपर्यंतची चाल, दोन्ही आधीच हिशेबात धरा.

गणपतीत मात्र किंग्ज सर्कलला जीएसबी (गौड सारस्वत ब्राह्मण) सेवा मंडळाचा पाच दिवसांचा गणपती असतो. त्या पाच दिवसांत मद्रासचा बेत करू नये. रांग हॉटेलची आहे की दर्शनाची, तेच कळत नाही.

नाश्ता: रामाश्रय विरुद्ध कॅफे मद्रास

रामाश्रय पहाटे पाचच्या सुमाराला उघडतं. फिरायला निघालेले आजोबा, रात्रपाळी संपवून आलेले, लांबच्या गाडीतून बॅगांसकट उतरलेले, सगळे तिथं. आत शिरलात की आधी फळा वाचा, छापलेलं मेन्यूकार्ड नंतर. त्या दिवशीचे खास पदार्थ फळ्यावर असतात, आणि तिथं यायचं खरं कारण तेच. शिऱ्याचा स्वाद बदलता असतो. अननसाचा सगळ्यांना ठाऊक, पण मोसमाप्रमाणे आंब्याचाही मिळतो. वाफ निघत असतानाच खावा. गार झाला की तूप थिजतं, रवा गोळा होतो आणि मग तो नुसताच गोड लागतो. घरी नेलात तर चमचाभर पाणी शिंपडून झाकण ठेवून मंद आचेवर गरम करा. दूध घालू नका, अननसाच्या आंबटपणानं ते फाटतं. घरी अननसाचा शिरा करताना अनेकांचा नेमका तिथंच घोटाळा होतो.

इथली टेबलं भराभर रिकामी होतात. उभ्या माणसाची नजर तुमच्या कपावर असते, वाढपी बिल कॉफीबरोबरच ठेवतो. यात उर्मटपणा काही नाही, ही जागाच तशी चालते. गप्पा मारत तासभर बसायचं असेल तर इथं येऊ नये, म्हणजे रागही येणार नाही.

मद्रासला उलटं आहे. थांबायचं बाहेर, आत बसलात की जरा श्वास घेता येतो. दारात माणूस वही घेऊन उभा असतो. त्याला नाव आणि किती जण ते सांगायचं. इथं बरेच जण चुकतात. सहा जण असाल तर ‘सहा’ सांगू नका, दोन-दोन-दोन सांगा. टेबलं छोटी आहेत आणि अनोळखी माणसांबरोबर बसवायची इथली रीतच आहे. एकत्रच बसायचा हट्ट धरलात तर तुमच्या मागून आलेले चार जण तुमच्या आधी कॉफी संपवून निघतील. रविवारी साडेनऊ ते साडेअकरा ही सगळ्यात वाईट वेळ. आठला पोचा किंवा सरळ संध्याकाळी जा. दुपारी मधे हॉटेल बंद असतं, तेव्हा तीन वाजता जाऊन पायरीवर बसण्यात अर्थ नाही.

मागवायचं काय? मद्रासला रसम वडा. उडदाचा वडा रसमात बुडवून येतो. दोन मिनिटं तसाच ठेवा, मग चमच्यानं तोडा. मधला भाग रसम पिऊन मऊ होतो, कड अजून जरा करकरीत असते, आणि खायचा तो तेवढ्यात. दहा मिनिटांनी त्याचा लगदा होतो. कुरकुरीत वडाच आवडत असेल तर रसम वेगळं मागा. ते तिखटापेक्षा मिऱ्यानं झोंबणारं असतं, सर्दी झालेल्याला औषधासारखं.

दुसरा पदार्थ नाचणीचा मसाला डोसा. रंग काळपट असतो, पाहून मुलं नाक मुरडतात, चव घेतली की गप्प होतात. नाचणीत चिवटपणा कमी, त्यामुळे हा डोसा साध्या डोशासारखा ताणला जात नाही, कडेला मोडतो. तो मोडका आला म्हणून कुरकुर करू नका.

नीर डोसा मिळत असेल तेव्हा जरूर घ्यावा. आपल्या कोकणातल्या घावनाचा हा सख्खा भाऊ. तांदूळ भिजवून वाटायचे, पीठ ताकासारखं पातळ, उडीद नाही, आंबवणं नाही. म्हणून तो पांढरा, मऊ आणि जाळीदार. पंख्याखाली पाच मिनिटं राहिला की कडा वाळतात, त्यामुळे सगळ्यांचं येईपर्यंत थांबायचं सौजन्य इथं दाखवू नये. आला की खावा.

म्हैसूर मसाला डोशाबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. रस्त्यावरच्या गाडीवर त्यात बीट, सिमला मिरची, चीज असं काय काय घालून तव्यावरच ठेचतात. माटुंग्यात म्हैसूर म्हणजे आतून लाल चटणीचा हात आणि बटाट्याची भाजी, एवढंच. गाडीवरचा डोसा डोक्यात ठेवून आलात तर फिका वाटेल.

पोडी इडलीचंही तसंच. डाळी आणि सुकी मिरची भाजून कुटलेली पूड तुपात कालवून इडलीला माखलेली असते. ती सांबारात बुडवली की पूड सुटते, तूप वर तरंगतं, आणि दोन्ही पदार्थ वाया जातात. चटणीचं बोटही लावायची गरज नाही.

सांबाराबद्दल तक्रार हमखास येते, ‘गोड आहे’. ते उडपी सांबार आहे. गूळ आणि ओलं खोबरं त्यात असायचंच. चिंचगुळाच्या आमटीवर वाढलेल्या माणसाला ते परकं वाटू नये. झणझणीत हवं असेल तर तो पदार्थ वेगळा, माटुंग्यात तो शोधत बसू नका.

डोशासाठी मद्रास, शिरा, कॉफी आणि पहाटेची वेळ यासाठी रामाश्रय, असं आमचं मत. इडलीत दोघांत फारसा फरक नाही. इडलीचाच शौक असेल तर किंग्ज सर्कलचं इडली हाऊस गाठा. तिथं मिरी-आल्याची कांचीपुरम इडली मिळते. फणसाच्या पानांच्या द्रोणात वाफवलेली खोट्टे इडलीही मिळते. पानाचा वास पिठात उतरतो, पातोळ्यांना हळदीच्या पानाचा येतो तसा. पान सोलून काढायचं असतं, हे सांगायची वेळ कुणावर येऊ नये, पण येते.

जेवण: रामा नायक

जेवणात तुलनेला दुसरं कुणी नाही, त्यामुळे इथं निवड पद्धतीची. गल्ल्यावर कुपन घेतानाच ठरवायचं, ताटातलं ठरावीक जेवण की केळीच्या पानावरचं पोटभर. ताट स्वस्त आणि पुरेसं. ऑफिसातून चाळीस मिनिटांची सुट्टी काढून आलेला माणूस ताटच घेतो. पान घ्यायचं ते हातात तासभर असेल तर, आणि सकाळचा नाश्ता केला नसेल तर. मद्रासला डोसा हाणून तासाभरात रामा नायकच्या पानावर बसणारे शूर पुरुष अर्ध्या पुरीनंतर खिडकीबाहेर बघू लागतात.

पान समोर आलं की पाण्याचा हात फिरवून पुसून घ्या. लोणचं, पापड, सुकी भाजी, डाळीची दाट भाजी म्हणजे कूटू, पुरी किंवा चपाती, मग भात. वाढपी बादल्या घेऊन फिरत राहतात. त्यांचा वेग तुमच्यापेक्षा जास्त असतो, म्हणून नको असेल तेव्हा पानावर आडवा हात धरायचा. नुसतं ‘नको नको’ म्हणेपर्यंत डाव रिकामा झालेला असतो.

सगळ्यात मोठी चूक पुऱ्यांवर पोट भरण्याची. खरी मजा भाताच्या फेऱ्यांत आहे. पहिला भात सांबाराशी, दुसरा रसमशी, तिसरा दह्याशी. म्हणजे पहिल्या फेरीला भात मूठभरच घ्यायचा. रसम पातळ, पानाला काठ नाही. भाताला आळं केलं नाही तर ओघळ थेट मांडीवर येतो. भाताचा ढीग, मधे बोटांनी खोल खड्डा, त्यात रसम, आणि लगेच एका बाजूनं कालवायला सुरुवात. थांबलात की बांध फुटतो. झालं की पान आपल्याकडे दुमडायचं.

शनिवार-रविवारी दीडला गेलात तर बराच वेळ थांबावं लागेल. अकरा-साडेअकराला जा. तेव्हा पानावर पडणारी पहिली पुरी कढईतून नुकतीच निघालेली असते.

बाकीचे, थोडक्यात

किंग्ज सर्कलचं कॅफे म्हैसूर हे नायक कुटुंबाचंच, तिघांहूनही जुनं. मद्रासची रांग पाहून पाय गळाले तर तिकडे वळण्यात काहीच कमीपणा नाही. स्टेशनजवळच्या शारदा भवनात अजून जुन्या धाटणीची टेबलं-खुर्च्या आहेत, गर्दीही कमी. वयस्क माणसांना घेऊन शांतपणे इडली-कॉफी घ्यायला ते बरं. संकष्टीचा उपास असेल तर मात्र यातलं एकही कामाचं नाही. एक स्टेशन पुढं दादरला जाऊन प्रकाश उपाहारगृहात साबुदाणा वडा आणि पियूष घ्यावं.

पार्सलचं बोलायचं तर डोसा नेऊ नका, कुठूनही. डब्यात तो स्वतःच्याच वाफेनं मऊ पडतो आणि घरी पोचेपर्यंत त्याची घडी चिकटते. इडली, उपमा, वडा हे नीट जातात. खोबऱ्याची चटणी मे महिन्यात दोन-तीन तासांत आंबते. ठाण्या-कल्याणला जायचं असेल तर चटणी टाळून पोडी मागून घ्या.

कॉफी तिन्हीकडे चांगली, पण ती टंबलरमधून डावऱ्यात, म्हणजे त्याखालच्या वाटीत, आणि परत, अशी दोन-तीनदा उंचावरून ओतून घ्यायची. साखर तळाशी बसलेली असते. तसंच प्यालात तर वरची कडू, खालची पाक. घरीही तीच चव हवी असेल तर भांडारकर रोडवर म्हैसूर कन्सर्नमधे पूड ताजी दळून मिळते. कॉफीत मिसळायची चिकोरी (एका मुळाची भाजलेली पूड) किती हे ते विचारतील तेव्हा गोंधळू नका. दाट, काळी, हॉटेलसारखी हवी तर सत्तर टक्के कॉफी, तीस टक्के चिकोरी म्हणजे सत्तर-तीस सांगा, कॉफीचा स्वतःचा वास हवा तर ऐंशी-वीस. दळण फिल्टरसाठी सांगा, आणि एका वेळी पाव किलोहून जास्त घेऊ नका. महिनाभरात वास उडतो.