एमबॉक्स सोडून मेलडिर : आठ महिने वापरल्यानंतर

पुण्यातल्या एका लहान प्रकाशन संस्थेचा मेल सर्व्हर मी सांभाळतो. १९ खाती, डेबियन लिनक्सचं एक यंत्र, त्यावर पत्रांची ने-आण करणारा पोस्टफिक्स आणि ती खात्यांत ठेवून वाचायला देणारा डव्हकॉट, स्पॅम गाळायला स्पॅमअसॅसिन. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत सगळी खाती एमबॉक्समधून मेलडिरमध्ये, म्हणजे पत्रं साठवायच्या एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत, नेली. आता आषाढ लागलाय, म्हणजे आठ महिने झाले. हे तेव्हाच लिहिलं असतं तर ‘सगळं सुरळीत झालं’ असंच लिहिलं असतं, कारण सगळ्यात महागात पडलेली चूक मला पाचव्या आठवड्यात कळली.

आधी बदललं का, ते सांगतो. एमबॉक्समध्ये एका फोल्डरची सगळी पत्रं एकाच फाइलमध्ये एकाखाली एक लिहिलेली असतात. पाचशे-हजार पत्रांपर्यंत काही त्रास नाही. पण आमच्या संपादन विभागाच्या खात्यावर लेखक हस्तलिखितांचे स्कॅन पाठवतात, आणि ती फाइल ४ जीबीच्या घरात गेली होती. मधलं एक पत्र पुसलं की त्याच्या पुढचं सगळं मागे सरकवून लिहावं लागतं, आणि तेवढा वेळ फाइलला कुलूप. त्याच वेळी नवं पत्र आलं तर ते ताटकळत राहणार. मागच्या पावसाळ्यात असं लिहिणं चालू असतानाच वीज गेली, यूपीएसही संपला, आणि दोन पत्रं एकमेकांत मिसळली. एकाच्या मजकुराखाली दुसऱ्याची जोडपत्रं. त्याच दिवशी ठरवलं की आता हे बदलायचं.

मेलडिर ही रचना डॅनियल बर्नस्टाइन यांनी त्यांच्या क्यूमेल या मेल सर्व्हरसाठी आखली. प्रत्येक पत्राची स्वतंत्र फाइल, आणि ‘टेम्प’, ‘न्यू’, ‘कर’ असे तीन उपफोल्डर. पत्र टेम्पमध्ये पूर्ण लिहून झालं की न्यूमध्ये सरकतं, तुमच्या मेल प्रोग्रामने फोल्डर उघडला की तिथून करमध्ये. वाचलं, उत्तर दिलं, खूण केली, हे सगळं फाइलच्या नावाच्या शेवटी एकेका अक्षराने नोंदलं जातं. वाचलेल्याला ‘एस’, उत्तर दिलेल्याला ‘आर’. ही ‘आर’ची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिनेच मला तारलं.

पत्रांचं रूपांतर सोपं होतं. माझं आणि हिशेब विभागाचं खातं आधी एका जुन्या पर्ल स्क्रिप्टने बदललं. पत्रं सगळी आली, पण सर्व्हरने प्रत्येक पत्राला दिलेले क्रमांक बदलले. हिशेबवाल्यांचा प्रोग्राम पॉपने मेल उतरवून घेतो आणि मूळ प्रत सर्व्हरवर ठेवतो. क्रमांक बदलल्यामुळे त्याला सगळीच पत्रं नवी वाटली आणि सहा हजार पत्रं दुसऱ्यांदा उतरली. उरलेली १७ खाती मग डव्हकॉटच्याच डीसिंक या साधनाने नेली. तो क्रमांक आणि खुणा जशाच्या तशा ठेवतो. शिवाय दोनदा चालवता येतो. एकदा काम चालू असतानाच, आणि मग पोस्टफिक्स थांबवून उरलेल्या फरकापुरता. कुणाचं काम दहा मिनिटंही अडलं नाही.

खरी अडचण नव्या पत्रांची झाली. पोस्टफिक्समध्ये ‘होम मेलबॉक्स’ ही सेटिंग मेलडिरवर वळवली आणि स्वतःला चाचणीचं पत्र पाठवलं. लॉगमध्ये ‘सेंट’ असं स्वच्छ लिहिलेलं, पण पत्राचा पत्ता नाही. तीच ओळ नीट वाचली तेव्हा दिसलं की पत्र ‘कमांड’कडे दिलं गेलंय. आमच्याकडे पूर्वीपासून ‘मेलबॉक्स कमांड’ म्हणून प्रोकमेल हा आलेली पत्रं नियमांनुसार फोल्डरमध्ये टाकणारा प्रोग्राम लावलेला होता, आणि ती सेटिंग असली की पोस्टफिक्स होम मेलबॉक्सकडे पाहतच नाही. प्रोकमेल इमानदारीने जुन्या एमबॉक्समध्येच पत्रं टाकत होता.

मग प्रोकमेलला नवा पत्ता दिला, पण शेवटचा स्लॅश राहिला. प्रोकमेलच्या दृष्टीने शेवटी स्लॅश असेल तर ते मेलडिर. स्लॅश नसेल आणि त्या नावाचा फोल्डर मात्र असेल, तर तो पत्र ‘एमएसजी’ने सुरू होणाऱ्या नावाची एक फाइल करून थेट त्या फोल्डरमध्ये ठेवतो, न्यूमध्ये नाही. डव्हकॉट तिथे बघतच नाही. संध्याकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत ४१ पत्रं अशी उंबऱ्यात पडून राहिली. ती शोधून न्यूमध्ये हलवली तेव्हा लगेच दिसू लागली. इथे एक सांगून ठेवतो. फाइल हलवा, नुसती कॉपी करू नका. पत्र कधी आलं हे डव्हकॉट फाइलच्या वेळेवरून ठरवतो, आणि साध्या कॉपीने प्रत्येक पत्र आत्ता आल्यासारखं दिसतं. बॅकअपमधून पत्रं परत आणतानाही हेच लागू आहे.

या धावपळीनंतर वाटलं की प्रोकमेलला पूर्णच निरोप द्यावा. पोस्टफिक्सने एलएमटीपी या पत्र पोचवायच्या पद्धतीने ते सरळ डव्हकॉटकडे द्यायचं आणि वर्गवारी डव्हकॉटमध्येच सीव्ह या भाषेत लिहिलेल्या नियमांनी करायची. पहिल्या दिवशी प्रत्येक पत्र ‘असा वापरकर्ता नाही’ म्हणून परत जाऊ लागलं, कारण पोस्टफिक्स डोमेनसकट पूर्ण पत्ता देत होता आणि आमच्याकडे नुसती नावं होती. एका ओळीत ते सुटलं आणि मी निश्चिंत झालो.

ती निश्चिंती खोटी होती. स्पॅमअसॅसिनला बोलावणारी ओळ प्रोकमेलच्या नियमांतच होती. प्रोकमेल गेला त्याच्याबरोबर गाळणीही गेली, आणि कुठेही त्रुटीचा एक शब्द उमटला नाही. आठवड्याने एका पत्राचे हेडर, म्हणजे मजकुरावरच्या तांत्रिक नोंदी, सहज उघडले तर त्यात स्पॅमच्या गुणांची ओळच नव्हती. मग गाळणी मिल्टर, म्हणजे पत्र आत येतानाच तपासणारा जोडप्रोग्राम, म्हणून पोस्टफिक्सलाच जोडली, म्हणजे पत्र रांगेत जाण्याआधीच तपासलं जाईल.

इथे जे घडलं ते ज्यांच्याकडे अशीच जुनी मांडणी आहे त्यांनी सावकाश वाचावं. स्पॅमअसॅसिन पत्रांमधल्या शब्दांवरून शिकतो, आणि शिकलेलं एका डेटाबेसमध्ये साठवतो. प्रोकमेल ज्याचं पत्र त्याच्या नावाने चालायचा, त्यामुळे हा डेटाबेस प्रत्येकाच्या घरच्या फोल्डरमध्ये होता. मिल्टर मात्र स्वतःच्याच नावाने चालतो. त्याच्या घरात काहीच नव्हतं. किमान २०० स्पॅम आणि २०० चांगली पत्रं शिकवल्याशिवाय हा भाग गुण द्यायलाच सुरुवात करत नाही. वर्षानुवर्षं शिकवलेलं सगळं जागच्या जागी होतं, फक्त ते वाचणारं कुणी उरलं नव्हतं. शिवाय हे शिक्षण असताना आणि नसताना नियमांचे गुण वेगवेगळ्या तक्त्यांतून घेतले जातात, म्हणून तेच पत्र काल ६ गुणांवर अडलं असेल तर आज ४ गुणांनी सुटू शकतं. अडवण्याची मर्यादा मुळात ५ची.

रोज रात्री शिकवणारं काम चालूच होतं, पण ते अजून जुन्या स्पॅमच्या एमबॉक्स फाइलकडे बघत होतं. ती फाइल मी जपून ठेवली होती, त्यामुळे ‘फाइल सापडली नाही’ असंही कधी आलं नाही. रोज सकाळी अहवाल यायचा की अमुक पत्रं तपासली, शून्य पत्रांतून शिकलो. बरोबरच होतं, ती पत्रं त्याने कधीच पाहिलेली होती. मी तो अहवाल रोज बघत होतो आणि वाचत नव्हतो.

मग सगळ्यांसाठी मिळून एकच डेटाबेस केला. त्याचा पत्ता सेटिंगमध्ये देताना शेवटचा शब्द फोल्डरचं नाव नसतो, फाइलच्या नावाची सुरुवात असते. त्यात माझे दोन तास गेले. शिकवायला स्पॅम घेतलं सगळ्यांच्या जंक फोल्डरमधून, आणि चांगली पत्रं घेतली माझ्या खात्यातून, कारण ती हाताशी होती. रात्रीचं कामही जंककडेच वळवलं. माझी पत्रं म्हणजे सर्व्हरचे अहवाल आणि तांत्रिक याद्या, जवळपास सगळी इंग्रजीत. जंकमध्ये मात्र कर्जाच्या, प्लॉटच्या, औषधांच्या हिंदी-मराठी जाहिराती भरपूर. म्हणजे मी गाळणीला न कळत शिकवलं की देवनागरी दिसली की स्पॅम. एका मराठी प्रकाशन संस्थेच्या सर्व्हरवर.

पाचव्या आठवड्यात बेळगावच्या एका निवृत्त शिक्षकांचा कार्यालयात फोन आला. संपादन विभागातल्या ताईंनी तो घेतला. सर म्हणाले, “अहो, तीनदा पाठवलं. आवडलं नसेल तर तसं कळवा, पण पोच तरी द्या.” ताई माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांच्या हातात त्या महिन्यात आलेल्या हस्तलिखितांची यादी होती, त्यात सरांचं नाव नव्हतं. लॉगमध्ये तिन्ही पत्रं सापडली. तिन्ही जंकमध्ये. पहिल्याला ५.६ गुण, त्यांतले सुमारे साडेतीन केवळ शिकवलेल्या शब्दांचे. दुसऱ्याला आणि तिसऱ्याला त्याहून जास्त, कारण रात्रीचं काम जंकमध्ये पडेल ते सगळं स्पॅम म्हणून शिकत होतं. पहिली चूक गाळणीने केली आणि मी तीच तिला रात्री पुन्हा पाठ करायला लावली.

आणि ताईंना ती पत्रं दिसली का नाहीत? कारण जुन्या मांडणीत फोल्डरचं नाव ‘स्पॅम’ होतं आणि सीव्हच्या नियमात मी ‘जंक’ लिहिलं. पत्र आल्यावर डव्हकॉटने तो फोल्डर आपोआप तयार केला, पण त्याचं सदस्यत्व कुणाच्याच यादीत घातलं नाही. त्यामुळे मेल प्रोग्रामच्या डाव्या पट्टीत तो दिसतच नव्हता. सुमारे एक महिना १९ जणांकडे न दिसणारा एक फोल्डर भरत होता. त्या रात्री बसून मी तो पत्रागणिक पाहिला. सरांची तीन धरून २७ खरी पत्रं निघाली. न्यू जर्सीहून आलेलं एक भाषांतर, इंदूरच्या वाचनालयाची मागणी, दोन कवितासंग्रह. प्रत्येकाला दुसऱ्या दिवशी माझ्या नावाने दिलगिरीचं पत्र गेलं. सरांना फोन मी स्वतः केला.

दुरुस्ती तीन ठिकाणी केली. जंक फोल्डर डव्हकॉटच्या सेटिंगमध्ये नीट जाहीर केला आणि त्याचं सदस्यत्व सगळ्यांना आपोआप मिळेल असं केलं. रात्रीचं शिकवणं बंद केलं. आता माणसाने स्वतः पत्र जंकमध्ये टाकलं किंवा जंकमधून बाहेर काढलं तरच आयमॅप-सीव्ह या डव्हकॉटच्या सोयीमार्फत ते एक पत्र शिकवलं जातं. गाळणीने स्वतः टाकलेलं पत्र तिलाच धडा म्हणून कधीही देऊ नका, हे मी हात जोडून सांगतो.

तिसरं म्हणजे डेटाबेस पुसून पुन्हा शिकवला, आणि इथे मेलडिरच उपयोगी पडला. ज्या पत्राला आपल्या माणसाने उत्तर लिहिलं ते स्पॅम असण्याची शक्यता जवळपास नाही, आणि अशा प्रत्येक पत्राच्या फाइलनावात ‘आर’ आहे. संपादन, विक्री आणि हिशेब या तीन खात्यांतून अशा फाइलींची यादी काढली आणि सरळ एसए-लर्न या स्पॅमअसॅसिनच्या शिकवणाऱ्या प्रोग्रामला दिली. मराठी, इंग्रजी, हिंदी, थोडी कोंकणी, जशी आमची टपाल खरोखर असते तशीच. एमबॉक्समध्ये हेच करायला आधी फाइल फोडून प्रत्येक पत्राचे हेडर वाचावे लागले असते. तेव्हापासून जंकमध्ये खरं पत्र सापडल्याची तक्रार दोनदा आली, आणि दोन्ही वेळा ते त्याच दिवशी डाव्या पट्टीत दिसलं.

बाकीचं थोडक्यात. पुसणं, हलवणं झटपट झालं. वीज दोनदा गेली, एकही पत्र बिघडलं नाही. बॅकअपमध्ये पूर्वी एका पत्रासाठी ४ जीबीची फाइल पुन्हा पुन्हा जायची, आता नवीन तेवढंच जातं, फक्त पत्र वाचलं की फाइलचं नाव बदलतं आणि बॅकअप घेणारा आरसिंक ती वेगळी फाइल समजतो. बाहेरच्या हार्ड डिस्कवर बॅकअप पहिल्याच दिवशी अडला, कारण ती एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली होती आणि मेलडिरच्या फाइलनावांतला विसर्ग-चिन्हासारखा कोलन तिथे चालत नाही. आता सगळ्या फाइली एकाच टार फाइलमध्ये बांधून ठेवतो. आणि डिस्कवर जागा किती हे बघताना आयनोड, म्हणजे प्रत्येक फाइलमागे लागणाऱ्या नोंदी, किती उरले तेही बघतो. लाखो छोट्या फाइली झाल्या की जागा असूनही ‘जागा नाही’ असा निरोप येऊ शकतो.

जुन्या एमबॉक्स फाइली अजून पुसलेल्या नाहीत, फक्त वाचण्यापुरत्या ठेवल्या आहेत. प्रत्येक खात्यात जुन्या-नव्या पत्रांची संख्या जुळवतोय. एमबॉक्समध्ये प्रत्येक पत्राची सुरुवात ‘फ्रॉम’ने सुरू होणाऱ्या ओळीने होते, पण नुसत्या तशा ओळी मोजल्या तर जुन्या बाजूला आकडा जास्त येऊ शकतो, कारण इंग्रजी मजकुरात कुणाचं वाक्य त्याच शब्दाने ओळीच्या सुरुवातीला आलेलं असू शकतं. १८ खाती अशी जुळली. संपादन विभागाच्या खात्यात तीन पत्रांचा फरक उरलाय, तो अजून उलगडला नाही. वीज गेली त्या पावसाळ्यातली ती असावीत असा अंदाज आहे. ताईंबरोबर बसून त्या आठवड्यातली पत्रं एकेक करून वाचतोय.