सात महिने, एक प्रायमिंग टूल आणि ते झाकण

दुसऱ्या महिन्यात मी या हातातल्या प्रायमिंग टूलला (पुंगळीच्या तळात प्रायमर, म्हणजे ठोक्याने पेटणारी छोटी टोपी, दाबून बसवणारं अवजार) एकच तारा दिला होता आणि वर शिव्याही घातल्या होत्या. त्यातल्या निम्म्या परत घेतोय. निम्म्याच.

रिव्हॉल्व्हरसाठी .३८ स्पेशलची ५० काडतुसं भरली, त्यातली चार पहिल्या ठोक्याला उडालीच नाहीत. दर वेळी नळी निशाण्याकडे धरून ३० सेकंद थांबायचं, मग पुन्हा प्रयत्न. चारही दुसऱ्या ठोक्याला उडाली. शिवाय सिलिंडर अधूनमधून अडकत होता. प्रायमर मेलेला असता तर दुसऱ्यांदाही गप्पच राहिला असता. हे नुसते पुरते बसलेले नव्हते. घोड्याचा पहिला जोर त्यांना आत ढकलण्यातच खर्च झाला.

प्रायमर पुंगळीच्या तळापेक्षा ०.००३ ते ०.००५ इंच खाली हवा, बोटाला खळगा लागला पाहिजे. माझे कित्येक तळाच्या पातळीला, काही चक्क वर, म्हणूनच सिलिंडरही अडकत होता. टूलच भिकार, असं ठरवून सर्व्हिसला लांबलचक पत्र लिहिलं. उत्तर एका ओळीचं: ‘पॉकेट साफ करता का?’ डोकं सणकलं, कारण करत नव्हतो. वेळ वाचवत होतो! पॉकेट म्हणजे पुंगळीतली प्रायमर बसायची जागा, आणि माझ्या पॉकेटांच्या तळाशी काजळीचा थर होता. तो खरवडला आणि उंच प्रायमर बंद झाले. आधी भरलेली उंच प्रायमरची काडतुसं मात्र पुन्हा दाबायला गेलो नाही. गोळ्या काढून ती मोडली. भरलेल्या काडतुसाच्या प्रायमरवर जोर लावणं म्हणजे निव्वळ वेडेपणा.

चौथ्या महिन्यात परत दोन फुसके. पण फक्त डबल ॲक्शनमध्ये, म्हणजे नुसता चाप ओढून घोडा उचलला आणि पाडला की. घोडा अंगठ्याने मागे ओढला की सगळी उडत होती. डबल ॲक्शनमध्ये घोडा तेवढा मागे जात नाही, ठोका हलका पडतो. मूठ उघडली, तर मेनस्प्रिंगचा (घोड्याला जोर देणाऱ्या स्प्रिंगचा) ताण धरणारा स्क्रू सैल. चाप हलका व्हावा म्हणून तो मीच कधीतरी सैल केला होता आणि विसरलो होतो. टूल निर्दोष.

उलट आता त्याचं कौतुक आहे. दांडा दाबताना प्रायमर तळाला टेकल्याचं बोटांना नेमकं कळतं. फार वेळा वापरलेल्या पुंगळीत पॉकेट सैल झालेलं असतं, तिथे तो लोण्यासारखा सरकतो. ती पुंगळी सरळ भंगारात.

पण झाकण! टूलवरच्या प्रायमर ठेवायच्या ट्रेचं झाकण जरा तिरकं धरलं की उघडतं. गेल्या आठवड्यात १०० प्रायमर जमिनीवर. गुडघ्यांवर रांगून ९८ सापडले. दोन अजून त्याच खोलीत आहेत, आणि व्हॅक्यूम क्लीनरमध्ये प्रायमर पेटू शकतो, म्हणून तिथे तो बंद. झाडू, तोही हलक्या हाताने. झाकणाला रबरबँड लावलाय. एवढ्या महागड्या वस्तूला रबरबँड. तीन तारे.