साडेसहा इंची डोअर स्पीकर: खोक्यावरचा आकडा आणि दरवाजातली खरी जागा

गाडीच्या पुढच्या दरवाजासाठी स्पीकरचं एकच माप सुचवायचं झालं तर साडेसहा इंच, आणि त्यातही कमी खोलीचं, म्हणजे मागे कमी जागा घेणारं मॉडेल. या मापात पर्याय भरपूर मिळतात आणि वेगळा सबवूफर नसला तरी ढोलकी-तबल्याचा ठोका अंगावर येण्याइतका बास निघतो. सव्वापाच इंचीपेक्षा याच्या कोनचं (पुढेमागे हलणाऱ्या पडद्याचं) क्षेत्रफळ साधारण दीडपट असतं. तेवढी जास्त हवा हलते आणि खालचे सूर त्या हवेवरच अवलंबून असतात. मूळ जागा सव्वापाचची असेल तर मात्र पत्रा कापून साडेसहा बसवू नये. पत्र्यामागे काच सरकण्याची पट्टी आणि धडकेपासून वाचवणारा आडवा बीम असतो. चार इंची स्पीकर आवाजातला स्पष्टपणा देतो, बास नाही. अंडाकृती सहा बाय नऊ इंची स्पीकर काही गाड्यांच्या दरवाजात कंपनीकडूनच येतो. तशी जागा असेल तर तो उत्तम, नसेल तर तो मागच्या ट्रेसाठीच ठेवावा.

खरी गडबड खोक्यावरच्या आकड्यात आहे. 'साडेसहा इंच' म्हणजे फ्रेमचा साधारण बाहेरचा व्यास, सुमारे १६५ मिमी. पण स्पीकर बसतो की नाही हे बाकीची तीन मापं ठरवतात: पत्र्यातल्या भोकाचा व्यास, मागची खोली आणि स्क्रूच्या भोकांमधलं अंतर. एकाच 'साडेसहा'च्या दोन मॉडेलमध्ये भोकाच्या व्यासात सेंटिमीटरभराचा फरक सहज निघतो. पावणेसात इंची म्हणून विकले जाणारे स्पीकर बऱ्याचदा साडेसहाच्या जागेत जातात, पण भोक किंचित मोठं लागतं. म्हणून विकत घेण्याआधी डोअर पॅड (दरवाजाचं आतलं आवरण) काढून स्वतः मोजणं याला पर्याय नाही.

खोली मोजताना काच पूर्ण खाली घ्या. काच वर असताना मोजलं की हमखास चूक होते. स्पीकर बसतो, गाणीही वाजतात, आणि पहिल्यांदा काच खाली केली की ती मॅग्नेटला घासते. स्पीकर जिथे टेकतो त्या पृष्ठभागापासून काचेपर्यंत आणि काच उचलणाऱ्या यंत्रणेपर्यंत, दोन्ही अंतरं घ्या, त्यातलं कमी ते धरा आणि त्यातून किमान ५ मिमी सोडा. दरवाजा आपटला की काच थोडी हलते. ५५ मिमी अंतर मिळालं तर ५० मिमीपर्यंतचाच स्पीकर बघायचा.

पुढची बाजू बहुतेक जण विसरतात. कोअॅक्सियलमध्ये, म्हणजे एकाच फ्रेममध्ये ट्विटरही असलेल्या स्पीकरमध्ये, मधला ट्विटर (वरचे सूर वाजवणारा छोटा स्पीकर) फ्रेमच्या वर डोकावतो आणि पॅडच्या जाळीला टेकतो. ट्विटरवर प्लॅस्टिसिनचा गोळा ठेवा, पॅड जागेवर दाबा, काढा आणि गोळ्याची उरलेली जाडी मोजा, तीच पुढची मोकळी जागा. मागे जागा कमी पडते म्हणून स्पीकर पुढे सरकवायला त्याच्याखाली १२ मिमीची रिंग लावली, तर पुढे तेवढेच १२ मिमी कमी होतात. रिंग एबीएससारख्या प्लॅस्टिकची घ्यावी. एमडीएफची (दाबलेल्या लाकडी तंतूंच्या बोर्डाची) रिंग दरवाजात येणाऱ्या पावसाच्या पाण्याने फुगते आणि स्क्रू सैल होतात.

स्पीकर आणि पत्रा यांच्यात फट राहिली तर कोनच्या मागची हवा पुढे येऊन पुढच्या हवेला मारते. महागडा स्पीकरही मग पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. रिंगखाली फोमची पट्टी लावाच. पत्र्यावर ब्यूटाइलची (कंप दाबणाऱ्या रबराची) शीट चिकटवली की आणखी फरक पडतो, मात्र दरवाजाच्या तळाची पाणी निघायची भोकं बुजवू नका. पॅडमागचं प्लॅस्टिकही परत नीट चिकटवावं. ते पाणी गाडीत येऊ देत नाही. शिवाय काही गाड्यांत साइड एअरबॅग उघडण्यासाठी दरवाजातल्या हवेचा दाब मोजणारा सेन्सर तिथेच असतो, त्याच्यासाठी दरवाजाची पोकळी मूळच्या इतकीच बंद राहायला हवी.

पॉवरच्या आकड्यांत फक्त आरएमएस (सतत चालणारी पॉवर) बघा, 'मॅक्स' किंवा 'पीक' सोडून द्या. स्टिरिओवर ५० वॉट गुणिले ४ लिहिलेलं असलं तरी प्रत्यक्षात चॅनलला १५ ते २० वॉटच मिळतात. तेवढ्यात स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक पॉवरवर तो किती मोठा वाजतो, हे महत्त्वाचं: ३ डेसिबल जास्त असली की तोच आवाज निम्म्या वॉटमध्ये निघतो. अॅम्प्लिफायर न लावता ९० डेसिबल किंवा जास्तीचं मॉडेल घ्यावं. दोन मॉडेलची तुलना करताना मात्र ते माप एकाच पद्धतीने, १ वॉटवर किंवा २.८३ व्होल्टवर, दिलंय याची खात्री करावी. कंपनीचा स्टिरिओ ४ ओहमसाठी असेल तर २ ओहमचे स्पीकर जोडू नयेत, त्याची आउटपुट आयसी (स्पीकरला पॉवर देणारी चिप) तापते.

कंपोनंट सेट (ज्यात ट्विटर वेगळा येतो) तेव्हाच घ्यावा, जेव्हा डॅशबोर्डच्या टोकाला किंवा आरशाजवळ ट्विटरची जागा आहे. मग गाणं पायांपाशी न वाजता समोरून येतं. जागा नसेल तर कोअॅक्सियलच बरा.

जोडताना मूळ वायर न कापता गाडीच्या कपलरला बसणारा अडॅप्टर वापरा. स्पीकरची रुंद पट्टी प्लस, अरुंद मायनस. गाडीच्या वायरींच्या रंगांवर विसंबू नका: जुन्या स्पीकरला दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा, कोन बाहेर आला तर सेलचं प्लस ते स्पीकरचं प्लस, आणि त्या टोकाला जी वायर जात होती तीच नव्या स्पीकरच्या प्लसला जाते. एका बाजूची वायर उलटी लागली तर दोन्ही स्पीकर मिळून बास खातात, आणि लोक नव्या स्पीकरला नावं ठेवतात.