तारकर्लीच्या खोल्या आणि गेलेले ३६,९९९ रुपये

मे महिन्यात गाडी घेऊन कोकणात निघणाऱ्यांनी, विशेषतः वाटेतूनच पुढच्या मुक्कामाची खोली फोनवर ठरवणाऱ्यांनी, हे वाचावे म्हणून लिहीत आहे. आमचे ३६,९९९ रुपये तवसाळच्या जेट्टीवर, जयगडला जाणाऱ्या फेरीबोटीच्या रांगेत उभे असताना गेले.

पुण्याहून ताम्हिणीमार्गे श्रीवर्धनला आत्याकडे, हरिहरेश्वराचे दर्शन घेऊन बागमांडल्याहून वेश्वीला, तिथून दापोलीवरून दाभोळची खाडी ओलांडून गुहागरला मामांकडे, असा आमचा प्रवास होता. शेवटी कुडाळला मावशीकडे जायचेच होते, म्हणून मध्ये तारकर्लीला तीन रात्री राहावे, असे मामांच्या ओटीवर ठरले. नकाशाच्या ॲपवर समुद्रालगतचे एक घरगुती निवास सापडले. ते घर खरे होते, फोटो खरे होते, लोकांनी लिहिलेले अभिप्रायही खरे होते. फक्त त्याखालचा फोन नंबर कोणीतरी बदललेला होता. अशा नोंदीत कोणीही त्रयस्थ दुरुस्ती सुचवू शकतो आणि मूळ मालकाला अनेकदा त्याचा पत्ताही लागत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

दोन खोल्या, खोलीला रात्रीचे ४,५०० रुपये, म्हणजे तीन रात्रींचे २७,००० रुपये. निम्मी आगाऊ रक्कम म्हणून मी १३,५०० रुपये पाठवले. सीझनमध्ये निम्मे पैसे आधी घेण्याची पद्धत सगळ्या किनाऱ्यावर आहे, त्यामुळे त्यात वावगे वाटण्यासारखे काही नव्हते. दहा मिनिटांत फोन आला की मे महिन्यात पूर्ण रक्कम भरल्याशिवाय खोली पक्की होत नाही. उरलेले १३,५०० गेले. मग अनामत म्हणून ९,९९९ रुपये, जे खोली सोडताना परत मिळणार होते. त्यानंतर तो म्हणाला की अनामत चुकून दुसऱ्या खात्यात जमा झाली आहे, ती परत घेण्यासाठी रकमेच्या चौकटीत २४९९९ हा ‘कोड’ टाका आणि पिन द्या. तेव्हा मागच्या सीटवरून थोरल्या मुलीने माझा हात धरला आणि म्हणाली, “आई, पैसे घ्यायला पिन लागत नाही.” तो नंबर त्यानंतर बंदच झाला.

पण सावध होण्याची खरी जागा त्याच्याही आधी होती, आणि ती आठवली की आजही संताप होतो. पहिली रक्कम पाठवण्यापूर्वी मी त्याला सहज विचारले होते की सिंधुदुर्ग किल्ला तिथून किती लांब आहे. तो हिंदीत म्हणाला, “मॅडम, पाँच मिनट, गाडी सीधा अंदर तक जाती है, पार्किंग भी है.” १६६४ साली कुरटे बेटावर, भर समुद्रात ज्याचा पाया घातला गेला, ज्याच्याकडे मालवणच्या जेट्टीवरून होडीनेच जावे लागते, त्या किल्ल्यात हा माणूस गाडी नेत होता, आणि मी ते कानांनी ऐकले. मागे बसचा हॉर्न वाजत होता, यजमान गाडी फेरीबोटीवर चढवण्याच्या गडबडीत होते, रेंज येत-जात होती, आणि सीझनपुरता बाहेरून आणलेला व्यवस्थापक असेल असा माझा समज झाला. पैसे ज्याच्या नावे जात होते तेही कुठल्याशा परप्रांतीय ट्रेडर्सचे नाव होते, पण मुलाच्या किंवा मेहुण्याच्या दुकानाच्या नावाचा क्यूआर देणारे कितीतरी प्रामाणिक घरमालक मी पाहिले आहेत. घाईत असलेल्या कोणत्याही शहाण्या माणसाने हेच केले असते. म्हणून सांगते, अनोळखी मालकाला त्याच्या गावाविषयी एक प्रश्न जरूर विचारा, आणि उत्तर चुकले तर फोन तिथेच ठेवा.

नंतरचा मनस्ताप पैशांपेक्षा मोठा आहे. मी आधी बँकेला फोन लावला आणि भाषा निवडा, एक दाबा, दोन दाबा यातच फेरीबोट जयगडला लागली. तुम्ही बँकेच्या आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकाला, फोन करा. तिथे माझी तक्रार नीट नोंदवून घेतली गेली, परंतु तोवर पैसे पुढच्या खात्यांत फिरले होते. वाटेवरच्या एका पोलीस ठाण्यात गेलो, तर अंमलदारांनी विचारले की पैसे कुठून पाठवले. जेट्टीवरून म्हटल्यावर, “मग ती आमची हद्द नाही,” असे म्हणून त्यांनी वही मिटली. हद्द कोणतीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ सांगते. हे मी बोलल्यावर त्यांनी आम्हाला स्क्रीनशॉटच्या झेरॉक्स आणायला पाठवले, तेही रविवारी, गावातले एकमेव दुकान बंद असताना! पुण्यात परतल्यावर इथल्या ठाण्याने सांगितले की घटना कोकणातली आहे, तिकडेच जा. बँकेने लिहून दिले की पिन ग्राहकाने स्वतः टाकला असल्याने व्यवहार अधिकृत ठरतो. फसवून करवून घेतलेला व्यवहार अधिकृत कसा, याचे उत्तर शाखेतल्या कोणाकडेही नव्हते. त्या खात्यांपैकी एकात २,१४० रुपये गोठवले गेले आहेत आणि तेवढे मिळवण्यासाठीसुद्धा न्यायालयात अर्ज करा, असे मला सांगण्यात आले.

त्या रात्री आम्ही तारकर्लीच्या त्या घरी पोहोचलो होतो. मालकांनी माझ्या फोनवरचा नंबर पाहिला आणि म्हणाले, “ताई, ह्यो नंबर आमचो न्हय.” आमच्याआधीही काही कुटुंबे अशीच येऊन गेली होती. खोली एकही रिकामी नव्हती, पण त्यांनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडले नाही, आणि कुडाळला मावशीच्या दारात आम्ही मध्यरात्री पोहोचलो. ॲपवरच्या नंबरावर विसंबू नका, गावातल्या नातेवाइकाला किंवा दुकानदाराला विचारून मालकाचा नंबर मिळवा.

त्या मालकांनी खटपट करून आपली नोंद दुरुस्त करून घेतली. गेल्या आठवड्यात तोच नंबर मला दिवेआगरच्या एका घरगुती निवासाखाली दिसला. मी ॲपवर तक्रार केली, त्यावर नियमभंग आढळला नाही असे उत्तर आले. श्रीवर्धनच्या आत्याने आता दिवेआगरला माणूस धाडून त्या घरमालकांना निरोप दिला आहे.