हार्डडिस्क बसली: घरचं सॉफ्टवेअर, कोपऱ्यावरचं दुकान की क्लीनरूम?

डिस्क उघडत नाही म्हटल्यावर बहुतेक नुकसान पहिल्या तासाभरात आपल्याच हातून होतं. आपण ती पुन्हा पुन्हा चालू-बंद करतो, विंडोजने 'फॉरमॅट करायचं का?' विचारलं की घाईत 'हो' दाबतो, नाहीतर चेकडिस्क (विंडोजचं डिस्क दुरुस्त करणारं साधन) लावून बसतो. हे काही करू नका. डिस्कचा आवाज ऐका, पुढची वाट त्यावरून ठरते.

आवाज नेहमीचा आहे, संगणक डिस्क ओळखतो, फक्त फायली डिलीट झाल्यात किंवा पार्टिशन (डिस्कचा सी, डी असा कप्पा) दिसेनासं झालंय, तर काम घरी होण्यासारखं आहे. टेस्टडिस्क हे सॉफ्टवेअर हरवलेलं पार्टिशन शोधतं, फोटोरेक फायली उपसून काढतं, दोन्ही फुकट. फोटोरेक मूळ नावं आणि फोल्डर मात्र परत देत नाही, त्यामुळे निवडत बसायची तयारी ठेवा. सापडलेलं त्याच डिस्कवर कधीही उतरवू नका.

डिस्क दिसते, पण अडखळते? डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये 'करंट पेंडिंग सेक्टर'चा, म्हणजे नीट वाचता न येणाऱ्या जागांचा, आकडा पाहा. तो शून्याच्या वर असेल तर तिच्यावर थेट रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवणं म्हणजे थकलेल्या बैलाला घाटात जुंपणं. आधी डीडीरेस्क्यू या सॉफ्टवेअरने तिची संपूर्ण प्रत दुसऱ्या, तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर घ्या. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, खराब जागांकडे नंतर वळतं, आणि मॅपफाइल (कुठवर वाचून झालं याची नोंद) ठेवली असेल तर थांबलं तिथून पुढे सुरू होतं. शोधाशोध करायची ती त्या प्रतीवर. वेळ लागतो, नव्या डिस्कचा खर्च येतो, तरी घरच्या उपायांत माझा कौल यालाच. एकमेव प्रत असलेलं लग्नाचं शूटिंग किंवा प्रबंध असेल, तर हेही डेटा रिकव्हरी लॅबलाच करू द्या.

टक-टक आवाज येत असेल तर वीज काढा. वाचणारी हेड्स फिरत्या प्लेटच्या वर जेमतेम काही नॅनोमीटरवर तरंगतात. तिथे धुळीचा कणही दगडासारखा. फ्रीझरचा जुना उपाय तर नकोच, आत दव धरतं. माझ्या आत्याची डिस्क एका दुकानात साध्या टेबलावर उघडली गेली. पुढे लॅबमध्ये नेली तेव्हा प्लेटवर ओरखडे निघाले. बारा वर्षांचे फोटो गेले, आणि ते माझ्या मनातून अजून जात नाही.

म्हणून दुकानवाले वाईट असं नाही. केबल, बाहेरची केस किंवा अडॅप्टर बिघडला असेल तर ते थोडक्यात काम करून देतात. पण 'सर्किट बदलून देतो' म्हणाले तर थांबा: बहुतेक आधुनिक डिस्कच्या बोर्डवरच्या चिपमध्ये त्याच डिस्कची खास माहिती असते, नुसता बोर्ड बदलून भागत नाही.

क्लीनरूम, म्हणजे धूळ गाळून काढलेली खोली, असलेल्या लॅबमध्ये जुळत्या मॉडेलची दाता डिस्क शोधून हेड्स बदलतात, त्यामुळे बिल सहज पाच आकडी होतं. दुखणं हेड्सचं असेल तर खरा पर्याय हाच.

एसएसडीचं, म्हणजे फिरती प्लेट नसलेल्या, चिपवर साठवणाऱ्या डिस्कचं, गणित वेगळं. ट्रिम (डिलीट झालेल्या फायलींची जागा मोकळी करायला एसएसडीला कळवणारी सोय) चालू असेल तर डिलीट केलेलं बहुधा परत येत नाही. डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचं डेटा कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) असेल तर रिकव्हरी की आधी शोधा, तिच्याविना लॅबचाही इलाज चालत नाही.

डिस्क देण्यापूर्वी लॅबला तीन गोष्टी विचारा: तपासणीचे पैसे किती, डेटा नाही मिळाला तर काय, आणि पूर्ण पैसे भरण्याआधी मिळालेल्या फायलींची यादी दाखवणार का. यादीला नकार आला तर डिस्क उचलून परत आणा.