फराळाची पोस्ट कोणत्या मराठीत टाकाल?

पुण्यात घरून फराळ विकणाऱ्यांना दिवाळीच्या तोंडावर हा प्रश्न पडतोच. माल तोच, मजकुराच्या तऱ्हा मात्र वेगवेगळ्या.

जाहिरातीची मराठी: 'घरगुती फराळ माफक दरात उपलब्ध. इच्छुकांनी संपर्क साधावा.' यात चूक काही नाही, पण वाचून चकली खावीशी वाटत नाही. सोसायटीच्या ग्रुपवरच्या ज्येष्ठांना भरवशाची वाटते, एवढंच.

रोमन लिपीतली मराठी-इंग्रजी मिसळ टाइप करायला सोपी. पण तिच्यात ण-न, ळ-ल यांतला फरक पुसला जातो. 'वेळ' आणि 'वेल' सारखेच दिसतात. 'आज शेवटचा दिवस, डीएम करा' एवढ्या स्टोरीला चालेल. चार ओळींच्या वर गेलात की वाचणारा अडखळतो.

पुणेरी पाटी: 'चकली मऊ पडल्यास डबा उघडा कोणी ठेवला, याची आधी घरात चौकशी करावी.' लोक हसून पुढे पाठवतात ते हेच. मात्र नोकरीसाठी नुकतंच वाकडला आलेल्या माणसाला हा विनोद की उर्मटपणा, ते कळायला मार्ग नाही. म्हणून हा सूर फक्त अटींसाठी राखून ठेवावा: 'ऑर्डर रद्द करायची तर भाजणी दळण्याआधी कळवावे.'

माझं मत बोलण्यातल्या देवनागरी मराठीला. 'भाजणीची चकली, साजूक तुपातले अनारसे. रविवारपर्यंत सांगा, वसुबारसेला डबा तयार.' इन्स्टाग्रामवर कॅप्शन २,२०० अक्षरांपर्यंत लिहिता येते, पण फीडमध्ये सुरुवातीच्या एक-दोन ओळीच दिसतात. पदार्थ आणि तारीख तिथेच हवी, शुभेच्छा खाली. एक्सवर साध्या खात्याला २८० ची मर्यादा, आणि काना-मात्रा-उकार तिथे वेगळे मोजले जातात: 'पुणे' म्हणजे चार. 'ऑर्डर', 'डिलिव्हरी' खुशाल लिहा; 'घरपोच वितरण' म्हटलं की पुन्हा पहिल्या तऱ्हेत शिरलात.

गावाकडची बोली तुमची स्वतःची असेल तर रीलमध्ये बिनधास्त बोला. उसनी असेल तर दोन वाक्यांत उघडी पडते, आणि पुण्यात सातारा-सोलापूरची माणसं भरपूर आहेत.

गिऱ्हाइक कोथरूड-सदाशिव पेठेतलं असेल तर एवढ्यावर भागतं. हिंजवडीकडून ऑर्डरी येत असतील तर त्याच पोस्टखाली इंग्रजीत एक ओळ जोडा: पदार्थ, दर, शेवटची तारीख.